खोक्यातलं टपाल

बजाजनगर
१२ जानेवारी

शफीक,

हे पत्र तुला मिळणार नाय, म्हणूनच लिहायला बसलोय. मिळणार असतं तर हात धजला नसता. पंधरा वर्षं होऊन गेली आपल्याला बोलून.

माझ्या नातीनं, अमृतानं, घरात पोस्ट ऑफिस काढलंय. अकरा वर्षांची पोरगी. कुलरच्या खोक्याला लाल रंग फासला, वर फट पाडली आणि हॉलमधी दाराशेजारी उभं केलं. धाकटी सहा वर्षांची आहे, तिला आम्ही माझ्या आईच्या नावानं साळू म्हणतो. ती पोस्टमन. गळ्यात पिशवी अडकवून दिवसातून चारदा माझ्या खोलीत येती आणि विचारती, "टपाल आहे का?" नाय म्हणलं की तोंड एवढंसं करून जाती.

तुला वाटंल शाळा सुटल्यावरचा खेळ असंल. नाय बाबा, हीच शाळा! आमच्या सुनेनं, सुदर्शनच्या मोनिकानं, दोन वर्षांपूर्वी दोघींचं नाव शाळेतून काढलं. पोरी नापास झाल्या असं नाय, कुणी मारलं-झोडलं असंबी नाय. म्हणे घरीच शिकवणार, हातानं करून करून. मी सुदर्शनला म्हणलं, अरे, तुझ्या शाळेच्या फीसाठी मी डबल पाळ्या केल्या आणि तू हे काय चालवलंस? तो म्हणला, "अण्णा, तुम्ही त्यात पडू नका." बरं, नाय पडत.

आतापर्यंतचे पराक्रम सांगतो. आधी पुठ्ठा आणि चमचम कागदाची सूर्यचूल केली. तीन तासांनी खिचडी बाहेर काढली तर तांदूळ दाताखाली कडाकडा वाजायले. तरी सगळ्यांनी खाल्ली. मीबी खाल्ली. मग गल्लीतल्या कुत्र्यांची जनगणना. सत्तावीस कुत्री, त्यात नऊ पिल्लं, एक लंगडं. एका कुत्रीनं साळूचा फ्रॉक फाडला तेव्हा ती जनगणना थांबली. आता हे पोस्ट. कपडे वाळत घालायच्या हँगरला दोन झाकणं टांगून तराजू केलाय, बटाटा कोरून शिक्का केलाय. यातून पोरी काय शिकतात ते मला कळत नाय, आणि विचारायची सोय नाय.

नियम असा की घरातल्या प्रत्येकानं अशा माणसाला लिहायचं, ज्याच्याशी लई दिवसांत बोलणं नाय. मी म्हणलं, माझ्या ओळखीचे सगळे वर गेले. अमृता म्हणली, "सगळे?" आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघालं. कसं निघालं, देव जाणे. पत्ता पाहिजे म्हणली. तुझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका कपाटात होती, तिच्यावर खुलताबादचा पत्ता होता, तो दिला. लग्नाला आलो नाय पण पत्रिका टाकलीबी नाय.

एक पान तरी भरलंच पाहिजे असा हुकूम आहे. तर ऐक. बटणाचा विषय मला काढायचा नाय. त्यात माझी काय चूक नव्हती, मी तेव्हाबी तेच सांगितलं. तुझ्या हाताचं वाईट वाटलं, अजून वाटतं. झालं, भरलं पान.

काकासाहेब

बजाजनगर
१९ जानेवारी

शफीक,

मागचं पत्र खोक्यात गेलं. साळूनं हातात पावती दिली, तिच्यावर बटाट्याचा शिक्का. अमृतानं हँगरवर तोललं आणि म्हणली, "नऊ ग्रॅम, आजोबा. वीसपर्यंत चालतं, अजून लिहू शकता." तू समोर असतास तर पोट धरून हसला असतास.

मोठ्या पोरीची एक खोड आहे. तिला प्रश्न विचारल्याशिवाय अन्न पचत नाय. रजिस्टर घेऊन समोर बसली.

"शफीक आजोबा तुमचे कोण?"

"कंपनीतले."

"मित्र?"

"व्हय."

"मग बोलत का नाही?"

"असंच."

"भांडण झालं?"

"नाय झालं."

आता हे खरंच आहे. आपलं भांडण झालंच नाय. तू मला एक शिवी दिली नायस, मी तुला दिली नाय. तिनं रजिस्टरमधी 'कारण' म्हणून रकाना होता तिथं लिहिलं, 'माहीत नाही.' मला लई राग आला. कुणावर आला ते मात्र सांगता येणार नाय.

तिला मी आपल्या दोघांचं थोडं सांगितलं. वाळूजच्या त्या कंपनीत एकच पॉवर प्रेस, पाळ्या दोन. पहिली माझी, दुसरी तुझी. मी निघायचो, तू यायचास, मधल्या दहा मिनिटांत एक चहा दोघांत. रमजानमधी तुझी दुसरी पाळी मी करायचो, तुला रोजा सोडायला घरी जाता यावं म्हणून. ईदच्या दुसऱ्या दिवशी तू नान-खलिया आणायचास आणि माझ्या डब्यातली शेपूची भाजी नाक मुरडत खायचास. चौदा वर्षं. हे सांगताना मला बरं वाटायलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग ती म्हणली, प्रेस म्हणजे काय? मी सांगितलं. वरून डाय, म्हणजे धारेचा साचा, खाली येती आणि पत्रा कापती. खाली हात राहू नये म्हणून दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच मशीन चालती. "हुशार आहे," ती म्हणली. व्हय, हुशार आहे. पण महिनाअखेरी माल पुरा करायचा असला की आपण काय करायचो ते मी तिला सांगितलं नाय. सायकलच्या ट्यूबची पट्टी डाव्या बटणावर आवळायची, म्हणजे ते दाबलेलंच राहतं. मग एका हातानं बटण आणि दुसऱ्यानं माल. सगळेच करायचे. तूबी करायचास.

त्या दिवशी माझ्या पाळीत बटण मोकळं होतं. म्हणजे मला तसं आठवतं. पंधरा वर्षांत माणूस एक गोष्ट इतक्या वेळा सांगतो की ती आठवतीय का सांगून पाठ झालीय, कळेनासं होतं.

साळू दारात उभी आहे. टपाल पाहिजे तिला.

काकासाहेब

बजाजनगर
३० जानेवारी

शफीक,

काल गुरुवार होता. गुरुवारी आमच्या गच्चीवर यांची सगळी बिनशाळेची पोरं जमतात. बजाजनगरची तीन घरं, गारखेड्यातनं दोन. काल मोनिका म्हणली, "अण्णा, आज तुम्ही शिकवा. तुमचं प्रेस." मी म्हणलं, मला काय येतं शिकवायला? पण शर्ट मात्र इस्त्रीचा घातला.

लाकडाचा प्रेस केला आम्ही. मापं मी दिली, कानस पोरांनी चालवली. ठोकळा वर टांगलेला, त्याला दोन दोऱ्या. दोन्ही दोऱ्या एकदम ओढल्या तरच खिटी सुटती आणि ठोकळा धप्पकन खाली येतो. खाली गाजर ठेवायचं, ठोकळ्याला पत्र्याची धार. गाजराचे तुकडे पडायले तशी पोरं नाचायली. एक जण दोरीची लांबी मोजतोय, एक जण तुकडे मोजतोय. शफीक, दोन वर्षं मी या शाळेला नावं ठेवली, आणि काल दुपारी मला वाटलं, आपल्याला कुणी असं शिकवलं असतं तर! मी ठोकळ्याला हात लावून सांगत होतो आणि सगळ्या पोरांचे डोळे माझ्या हाताकडं.

मग गारखेड्याची एक पोरगी, असंल दहाची, तिनं काय केलं, एक दोरी ताणून खिळ्याला बांधून टाकली. "आजोबा, बघा! आता एका हातानं होतंय! डबल स्पीड!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तोंड उघडायच्या आत आमच्या साळूनं गाजर सरळ करायला हात आत घातला.

मी तिला अशी ओढली की ती गच्चीवर आपटली. कोपर खरचटलं. ठोकळा रिकाम्या फळीवर पडला. मी ओरडलो, "दोरी कुणी बांधली?" असा ओरडलो की खाली रस्त्यावरचे लोक थांबून वर बघायले.

आणि ती पोरगी म्हणली, "मी."

बस, एवढंच. इकडं-तिकडं पाहिलं नाय, रडली नाय. "मी बांधली आजोबा. सॉरी. सोडते." आणि सोडायला लागली.

मी खाली येऊन खोलीचं दार लावून घेतलं. कालपासून जेवण गेलं नाय. मोनिकाला वाटतंय बी.पी. वाढलंय.

तू कुठं हे वाचणार आहेस? पुठ्ठ्याच्या खोक्यात पडायचंय याला. मग लिहितोच. पट्टी मी बांधली होती, शफीक. महिनाअखेर होती, दोनशे नग राहिले होते. साडेतीनला भोंगा झाला, बस सुटायली होती, मी पळालो. विसरलो, का म्हणलं तूबी येऊन बांधणारच आहेस तर राहू दे, ते मला आजबी सांगता येत नाय. डोक्याला लई ताण दिला तरी सापडत नाय. पण सोडली नाय हे नक्की. तू उशिरा धावत आलास, काळ्या पॅनेलवर काळी पट्टी, तुला दिसली नाय. दहा मिनिटांत तुझी दोन बोटं गेली.

दवाखान्यात तू बँडेज बांधलेला हात छातीवर घेऊन पडला होतास. मला म्हणलास, "काकासाब, बटन तुम खुला छोडके गये थे ना? मेरेकू कुछ याद नै आरा." मी म्हणलं, "छोडके गया था." तू मान हलवलीस. म्हणलास, "तो फिर मैंच बांधा हुइंगा." चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हाबी मी तेच सांगितलं. कामगाराची स्वतःची चूक, असं लिहिलं गेलं. तू गाव सोडून गेलास आणि दुसऱ्या वर्षी मी सुपरवायझर झालो.

एकदा गुलमंडीच्या बाजारात तुझ्या घरच्या, अनिसाभाभी, भेटल्या होत्या. तुझी खुशाली विचारली तर म्हणल्या, "आज भी बोलते, मेरेच हात का काम था." मी सुदर्शनच्या लग्नाचं कापड घ्यायला गेलो होतो, न घेता परत आलो. घरी सांगितलं, दुकान बंद होतं.

काकासाहेब

बजाजनगर
८ फेब्रुवारी

शफीक,

मला काय सुचंना झालंय. हे पत्र मी खोक्यात टाकणार नाय, कुठंच टाकणार नाय. पण दुसऱ्या कुणाशी बोलू?

आज सकाळी मी ते तिसरं पत्र काढून फाडून टाकावं म्हणलं. पोरींच्या हाती लागायला नको. घरात कुणी नाय बघून खोक्याचं मागचं दार उघडलं. आत पिशवी रिकामी. मला वाटलं, दुसरीकडं ठेवली असतील. अमृताचं रजिस्टर चाळलं. त्यात रकाने होते: आलेली तारीख, वजन, रवाना. माझ्या नावापुढं तीन 'रवाना'.

ती बाहेरून आल्या आल्या विचारलं, "रवाना म्हणजे?"

"म्हणजे पाठवली."

"कुठं?"

"खुलताबादला. आम्ही शनिवारी पोस्टात जातो ना आजोबा, खरं तिकीट लावतो. बटाट्याचं तिकीट घेत नाहीत ते लोक."

अरे देवा! मला वाटायचं, पोरी शनिवारी पोस्ट बघायला जातात. माहिती गोळा करायला. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं म्हणे, "खरा पत्ता द्या, खरं पत्र जाणार आहे." मला ऐकल्याचं आठवत नाय. ऐकलं असंल आणि तोंडानं हूं केलं असंल, मी सगळ्यालाच हूं करतो.

मी लई वाईट बोललो. अमृताला म्हणलं, तुला विचारल्याशिवाय नाक खुपसायची सवय आहे. मोनिकाला म्हणलं, पोरींना शाळेत टाकलं असतं तर ही वेळ आली नसती. मोनिका शांतपणे म्हणली, "अण्णा, असं काय लिहिलं होतं पत्रात?" आता सांग, काय सांगू?

पहिल्यात काय लिहिलं ते मला नीट आठवत नाय. माझी चूक नव्हती, असं लिहिलं असावं. दुसऱ्यात शेपूची भाजी होती, आणि बटण मोकळं होतं असंबी होतं. तिसऱ्यात सगळंच. म्हणजे एकाच माणसाच्या हातची तीन पत्रं, आणि तिघं तीन तऱ्हेचं बोलायलेत. तू काय समजशील? म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणशील. का थट्टा करतोय म्हणशील?

दिवसभर मला दोन गोष्टी वाटायल्यात. एकदा वाटतं, बरं झालं, सुटलो. तेवढ्यात वाटतं, पोस्टात गहाळ झालं असू दे तिसरं. दोन्ही खरंच वाटतं.

काकासाहेब

बजाजनगर
१४ फेब्रुवारी

शफीक,

तुझ्याकडनं फॉर्म आला.

मला ठाऊकच नव्हतं. पत्राचं उत्तर कुणाचंच येईना म्हणून अमृतानं सगळ्यांना एक-एक फॉर्म धाडला होता, परतीचं पाकीट तिकीट लावून आत घालून. आज पोस्टमननं दोघींच्या हातात दिला. खरा पोस्टमन, खरं टपाल. साळू त्याच्या पाया पडली!

अक्षर तुझ्या नातीचं, अदीबाचं. खाली तिनं लिहिलंय, 'मी सहावीत आहे. मी नानांकडे राहते. तुमचं पोस्ट ऑफिस मला आवडलं.' तुझी सही वाकडी आहे. ती मी लई वेळ पाहिली.

फॉर्म तुलाच वाचून दाखवतो.

पत्रं मिळाली का? हो.
किती? तीन.
किती दिवस लागले? चार, तीन, पाच.
पाकीट फाटलं किंवा भिजलं होतं का? नाही.
किती पत्रं उघडली? एक.
बाकीची का उघडली नाहीत? नाना म्हणाले, राहू दे.

एक! तिन्हीतलं कोणतं रे? कोणतं एक?

अमृता डोक्याला हात लावून बसली. "माझा फॉर्मच चुकला आजोबा. कोणतं उघडलं हा प्रश्न पाहिजे होता." तिला वाईट वाटतंय फॉर्मचं. तिला कुठं माहीत की इथं माझा जीव टांगलाय? पहिलं उघडलं असंल, तर मी पंधरा वर्षांनी तुला पुन्हा एकदा खोटं सांगितलंय, आणि ते वाचून तू म्हणलास, राहू दे. तिसरं उघडलं असंल, तरी राहू दे म्हणशील. पुढं काय वाचायचं त्या माणसाचं? मला काहीच कळत नाय. तू रागात आहेस का, तुला कंटाळा आलाय, का अजूनबी तुझ्याच हाताला दोष देत बसलायस?

अमृता म्हणली, दुसरा फॉर्म पाठवते. चार दिवस जायला, चार यायला. मी म्हणलं, नको.

दुपारी जेवताना मी तिघींसमोर आणि सुदर्शनसमोर सगळं सांगितलं. बोलताना घास हातातच राहिला. सुदर्शन उठून गॅलरीत गेला. तो त्या कंपनीत माझ्याच शब्दावर लागलाय. मोनिकानं माझ्या ताटातलं गार झालेलं वरण उचलून गरम करून आणलं. साळूला काय कळलं नाय. अमृतानं विचारलं, "आजोबा, त्यांना अजून वाटतं की त्यांचीच चूक?"

"व्हय."

"इतकी वर्षं?"

ती तिथून उठली आणि पहिल्यांदाच माझ्याशी न बोलता आत गेली. अजूनबी बोलली नाय. तिचा राग बरोबर आहे. पण तिनं बोलावं, असं लई वाटतंय.

काकासाहेब

बजाजनगर
१६ फेब्रुवारी

(हे पोस्टकार्ड आहे. मी स्वतः पोस्टात जाऊन घेतलं. आमच्या घरात सगळ्यांनी वाचलंय.)

शफीक,

२९ मार्च २०१०, पहिली पाळी. डाव्या बटणावरची पट्टी मी बांधली होती. जाताना मी सोडली नाय. तू बांधली नव्हतीस. दवाखान्यात तुला आणि चौकशीत साहेबांना मी खोटं सांगितलं. तुझ्या हाताची काहीच चूक नव्हती.

पुढच्या मंगळवारी सकाळच्या एसटीनं येतोय. दारातनं परत पाठवलंस तर परत जाईन.

अदीबा, बाळा, हे कार्ड आधी तुझ्या हातात पडंल. ते नानांना एकट्यात देऊ नको. घरात सगळे असताना मोठ्यानं वाच. नानी नसतील तर त्या येईपर्यंत थांब.

काकासाहेब पुंजाराम गायके